दहापर्यंत मोजायचं

जमीन गुरगुरली की आमचे मालक पळतात आणि मी पळत नाही. बारा वर्षांपासून आमच्या घरातली ही वाटणी आहे. ते हातातलं सोडून अंगणापलीकडच्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहतात आणि तिथून ओरडतात, "पियेची माय, भाईर ये! भाईर ये म्हणतो ना!" मी आतून "आले, आले" म्हणते आणि जागची हलत नाही. मग गुरगुर थांबते. ते परत येतात, चपला काढतात, आणि त्या विषयावर आम्ही दोघंही काही बोलत नाही.

आमचं गाव शिरड शहापूरहून आत वळल्यावर लागतं. इथं जमिनीच्या पोटातून आवाज येतात, ही गोष्ट आता कुणी पाहुण्यालाही सांगत नाही इतकी जुनी झाली आहे. आधी लांबून ट्रॅक्टर यावा तशी घरघर, मग भांड्यांवरची झाकणं वाजतात, फळीवरचा डबा बोटभर सरकतो, की संपलं. मागं एकदा शहरातून साहेब लोक येऊन शाळेत यंत्र ठेवून गेले. जाताना म्हणाले, "घाबरू नका, पण गाफील राहू नका." दोन्ही एकदम कसं करायचं ते विचारायच्या आत त्यांची गाडी निघाली.

पहिल्या वर्षी आम्हीही सगळ्यांसारखं पळत होतो. सगळं गाव शाळेच्या पटांगणात ताडपत्र्या टाकून झोपायचं. आमच्या घरात सासूबाई अर्धांगानं खाटेवर होत्या. आवाज झाला की त्यांची खाट चार जणांनी उचलायची, बाहेर न्यायची, आणि पुन्हा आत आणायची. आठ-दहा दिवसांत ती चार माणसं दोन झाली. दोन म्हणजे मी आणि मालक. त्यात पहाटे उठून माझी पिठाची गिरणी, कारण आमच्याकडं लाईट तिच्या सवडीनं येते. आमची पोरगी प्रियंका तेव्हा पाचवीत होती. घरात पाऊल ठेवायला तयार नव्हती. दप्तर घेऊन उंबऱ्याबाहेर बसायची आणि तिथंच जेवायची.

एके दिवशी मी थकले. दुसरं काही कारण नाही, थकले. आवाज झाला, मालक पळाले, आणि मी सासूबाईंच्या खाटेवर बसून राहिले. प्रियंकाला ओढून कुशीत घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, पळायचं न्हाई. आजीचा हात धर आन दहापर्यंत मोज. दहाच्या आत जमीन आपोआप गप व्हती." आणि खरंच, सहावरच गप झाली. पुढच्या वेळी सातवर. आमच्या जमिनीला दहाच्या पुढं कधी जमलंच नाही. पोरीला वाटलं, आईला जमिनीचं काहीतरी गुपित ठाऊक आहे. मला फक्त उठायचा कंटाळा होता.

सासूबाई पुढं चार वर्षं होत्या. त्यांचं सगळं प्रियंकाच करायची. कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, चमच्यानं पेज भरवणं. बारावीनंतर नर्सिंग केलं. मग पुण्यात एका क्लासला राहून जपानी भाषा शिकली, आणि चौदा महिन्यांपूर्वी जपानच्या एका बेटावरच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली. जाण्याआधी त्या बेटाचं नाव तिनं गिरणीतल्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलं, मोठ्या अक्षरांत, कारण ते नाव चार अक्षरी आहे आणि मी म्हणायला गेले की तीनच निघतात.

त्या दिवशी सकाळी लाईट होती. गिरणी चालू होती. तांड्यावरच्या शकुंतलाबाई ज्वारीची दोन गाठोडी घेऊन आल्या होत्या आणि पोत्यावर बसून सुनेचं गाऱ्हाणं सांगत होत्या. गिरणीच्या आवाजात मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं. तेवढ्यावर माझी मान डोलत होती. तेवढ्यात माझी धाकटी जाऊ शिवकन्या मोबाइल हातात धरून दारात आली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही.

"ताई, पिया कोणत्या बेटावर हाय?"

मी भिंतीकडं बोट केलं. तिनं भिंतीवरचं वाचलं, मग मोबाइलमधलं वाचलं. पुन्हा भिंतीवरचं वाचलं.

"बंद करा गिरणी," ती म्हणाली.

मी बटण दाबलं. पट्टा हळूहळू थांबला. तिनं मोबाइल माझ्या पुढं धरला. एक दुकान होतं. फळ्यांवरच्या बाटल्या आपल्या आपण उड्या मारत होत्या. माणसं खाली बसली होती, डोक्यावर हात. छताचे दिवे झुल्यासारखे हलत होते. मी नकळत मोजायला लागले. एक, दोन, तीन. दहा झाले. दुकान हलतच होतं. वीस झाले. तीस झाल्यावर मी मोजायचं सोडलं.

"किती येळ चाललंय हे?"

"दीड मिनिट, म्हणतेत. लई मोठा व्हता. आन समुद्राला पाणी चढंल म्हणून लोकायला टेकडीवर जा म्हणून राहिले."

शकुंतलाबाई पोत्यावरून उठल्या, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आशाबाई, काळजी करू नका. आपल्या गावची पोरगी हाय. तिला काय हे नवं हाय का? लेकरू धक्क्यातच वाढलं. ती काय घाबरणार!"

बाई चांगल्या मनानं बोलल्या. पण ती घाबरणार नाही, हीच तर भीती होती.

फोन लावला. पलीकडून एक बाई जपानीत काहीतरी फार नम्रपणे सांगायची आणि फोन बंद व्हायचा. दहा वेळा लावला, दहाही वेळा तिनं तितक्याच नम्रपणे सांगितलं. तिला पाठवणाऱ्या पुण्याच्या ऑफिसात लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळे सेफ आहेत असं कळतंय, आम्ही कन्फर्म करून सांगतो." मी म्हटलं, "कळतंय का कन्फर्म करायलात? दोन्हीतलं एक काहीतरी सांग, बाई." ती म्हणाली, "मॅडम, लाईनवर राहा," आणि गाणं लावून दिलं.

मालक शेतात होते, हळद शिजवायचं काम चालू होतं. शिवकन्येच्या नवऱ्यानं त्यांना गाडीवर आणलं. अंगावर धूर, हात कोपरापर्यंत पिवळे. गिरणीच्या दारात उभे राहिले. आत यायला ते तसेही कचरतात. गिरणीचा दगड फिरताना जमीन थरथरते, ते त्यांना आवडत नाही.

"फोन लागला?"

"न्हाई."

ते भिंतीवरच्या नावाकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पळाली असंल का गं ती?"

मी ज्वारीच्या गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना.

"मी इच्यारून राहिलो. पळाली असंल का?"

"मला काय ठाव? म्या काय तिथं हाय का?"

"तुला ठाव असंल," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "बारा वर्षं बोंबलायलो त्या झाडाखालून. एकदा, येकदा तरी दोघीतली कुणी आली का भाईर? तू बसायची आन तिलाबी बसवायची. गाव हसतं मला. हसू द्या. पर पोरीला पळायचं तर शिकू द्यायचं व्हतं."

शकुंतलाबाईंनी मध्ये तोंड घातलं, "माणिकराव, ही येळ हाय का?"

"मग कोणती येळ हाय?" ते म्हणाले, आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. मी आत. मधे गिरणीचं दार उघडं.

त्यानंतरचे तास सांगण्यासारखे नाहीत. लाईट गेली. दुपारी लोक आले. कुणी चहा आणला, तो निवला. ज्यानं त्यानं आपापला मोबाइल आणला होता आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तेच दुकान होतं, त्याच बाटल्या. आमचं गाव धक्क्यांच्या बाबतीत स्वतःला हुशार समजतं. एक जण म्हणाला, तिकडली घरं लाकडाची असतात, पडली तरी लागत नाही. दुसरा म्हणाला, तिकडं जमीन हलली तरी घर हलत नाही, खाली चाकं असतात. तिसऱ्यानं विचारलं, मग पाणी आल्यावर घर वाहून नाही का जायचं चाकांवर? शिवकन्येनं त्याला उठवून लावलं.

मी सासूबाईंची खाट आठवत बसले होते. आता ती गिरणीतच आहे, तिच्यावर लोकांचे डबे ठेवते मी. त्या खाटेवर आम्ही दोघी बसायचो, मधे म्हातारी. प्रियंका मोठ्यानं मोजायची. भीती गेली तसं तिचं मोजणं गाण्यासारखं झालं होतं. पुढं पुढं तर धक्का बसला तरी हातातलं पुस्तक ती खाली ठेवत नव्हती. मी बायकांना कौतुकानं सांगायचे, माझी पोरगी अजिबात हलत नाही बघा. काय शहाणपण मिरवत होते मी! आणि ते शहाणपण पेटीत घालून तिला त्या बेटावर पाठवलं, जिथं जमीन दीड मिनिट हलते आणि मागून समुद्र येतो.

चारच्या सुमाराला लाईट आली. शकुंतलाबाई अजून तिथंच होत्या. मी उठून गिरणी चालू केली. शिवकन्या म्हणाली, "राहू द्या ना ताई आज." मी म्हटलं, "त्यांच्या घरी भाकरी व्हायच्या हायत." खरं म्हणजे मला हातांना काहीतरी द्यायचं होतं. पहिलं गाठोडं दळून झालं तेव्हा शकुंतलाबाईंनी पीठ चिमटीत धरून बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मुकाट गाठोडं बांधलं. पीठ नव्हतंच ते, रवा पडला होता. दगड सैल राहिले होते, माझं लक्षच नव्हतं. मी दगड आवळले आणि मग दुसरं गाठोडं टाकलं.

आणि मग फोन वाजला.

शिवकन्येनंच उचलला, माझे हात पिठाचे होते. तिनं तो माझ्या कानाला लावला, मी गिरणीपासून लांब, घराच्या आतल्या खोलीत गेले. मालक ओट्यावरून उठून खिडकीशी आले.

"आई?"

तो आवाज ऐकून मी खाली बसले. तिथं काय होतं ते बघितलं नाही. पाण्याची कळशी होती.

"पिये! कशी हाईस? लागलं का? कुठं हाईस?"

"टेकडीवरच्या शाळेत आहे. सगळ्या आज्या-आजोबांना वर आणलं आम्ही, चाकाच्या खुर्च्या ढकलत. पाणी आलं, पण थोडंच, खाली गाड्या लावतात तिथपर्यंत. आई, तू रडू नको. माझ्या एका हाताला प्लास्टर आहे फक्त."

"प्लास्टर? फक्त?"

"टीव्ही पडला हातावर."

खिडकीतून मालक म्हणाले, "इच्यार, पळाली व्हती का."

प्रियंकानं ते ऐकलं असावं. ती हसली. हसणं बरोबर नव्हतं ते.

"न्हाई पळाले, बाबा. धक्का येणार म्हणून सगळ्यांचे मोबाइल ओरडायले होते. बाकीच्या मुली टेबलाखाली गेल्या, आश्रमाच्या मोठ्या बाई मलाबी ओरडल्या. मी एका आजीला भरवत होते. ती खाटेवरची आहे, आपल्या आजीसारखी. मी तिच्याजवळ बसले, तिचा हात धरला आणि मोजायला लागले. आपोआप, आई. मला वाटलं, सहा. फार तर सात. मग दहा झाले."

"मग?"

"मग अकरा. आई, अकराच्या पुढं काय करायचं ते तू शिकवलंच न्हाईस."

मी तोंडाला पदर लावला. पदराला पीठ होतं.

"मग मी पुन्हा एकपासून मोजलं," ती म्हणाली. "पुन्हा दहा झाले. किती वेळा मोजलं आठवत न्हाई. मधे टीव्ही निसटला, तो आजीच्या डोक्यावर येत होता, मी हात मधे घातला. आजीला काही झालं न्हाई. ती जपानीत मला म्हणायली, मोजू नको, खाली वाक."

म्हणजे तिथल्या खाटेवरच्या म्हातारीलासुद्धा ठाऊक होतं.

बारा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी तेव्हा सांगितलं. खिडकीत नवरा उभा, दारात जाऊ उभी, तरी सांगितलं. "पिये, मी तुला खोटं सांगितलं व्हतं. मला जमिनीचं काही ठाव नव्हतं. मी धीट बी नव्हते. मला उठायचाच जीव नव्हता, बाई. म्हातारीची खाट उचलून उचलून हात गळून गेलते. म्हणून म्हणलं मोज."

पलीकडं लोकांचे आवाज येत होते, कुणीतरी खोकत होतं.

"मला माहीत आहे," प्रियंका म्हणाली.

"काय माहीत हाय?"

"तू पाचपर्यंत माझ्यासोबत मोजायचीस. सहाला तुझी मान पडायची. झोपायचीस तू, आई. बसल्या बसल्या. पुढचं मी एकटीच मोजायची, हळू, तू उठू नये म्हणून."

फोनचा आवाज खिडकीपर्यंत जात होता. खिडकीत मालकांनी तोंड फिरवलं.

तेवढ्यात त्यांनीच मान वर केली. कुत्र्यासारखं आहे त्यांचं, आधी कळतं. गिरणी चालू होती म्हणून मला घरघर ऐकू आली नाही. पण चुलीजवळच्या पातेल्यावरचं झाकण वाजायला लागलं.

"भाईर!" ते ओरडले आणि खिडकीतून गायब झाले. "पियेची माय, भाईर ये!"

"आले, आले," मी म्हटलं. तोंडाला सवयच आहे.

"आई, काय झालं? झाकण वाजायलंय का?"

"काही न्हाई गं. आपलं नेहमीचंच. तू सांग, हात लई दुखतो का?"

"आई, ऊठ."

"अगं, आता थांबंल."

"आई. ऊठ म्हणते ना."

हा आवाज मी ओळखला. माझ्या पोरीचा नव्हता तो. कडुलिंबाखालून बारा वर्षं येणारा आवाज होता, फक्त ह्या वेळी समुद्रापलीकडून आला.

मी उठले. गुडघे कुरकुरले, लुगडं कळशीच्या पाण्यानं मागून ओलं झालेलं. फोन कानाला धरून उंबरा ओलांडला, अंगण ओलांडलं. शकुंतलाबाई गिरणीच्या दारातून बघत राहिल्या, जसा काही मीच भूकंप आहे. झाकण तोवर गप झालं होतं. पाच-सहाच झाले असतील. पण आता निघालेच होते, तर मागं फिरले नाही.

कडुलिंबाखाली मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तिथं जमीन तुळतुळीत झाली आहे, बारा वर्षं उभं राहून राहून. आणि बुंध्याशी दोन सपाट दगड मांडलेले आहेत. एकावर मालक. दुसऱ्या दगडावर आमची शेळी चढून बसली होती, आणि तिचा बसण्याचा थाट बघून कळत होतं की ती जागा बऱ्याच वर्षांपासून तिचीच आहे.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलायचा हक्क होता त्यांना. पण ते शेळीला म्हणाले, "ऊठ गं. जिची जागा हाय ती आली."

शेळी उठेना. त्यांनी तिला कानाला धरून उतरवलं, दगड पिवळ्या हातानं झटकला. मी बसले.

"पोचलीस का?" फोनमधून प्रियंका.

"पोचले."

"बाबा आहेत का?"

मी फोन त्यांच्या बाजूला केला. ते फोनमध्ये बघून मोठ्यानं म्हणाले, जसं काही जपान ऐकायला जड आहे, "पिये, आता तिथं पळत जा. कुणी हसलं तर हसू दे." मग म्हणाले, "हळद चांगली शिजली औंदा."

गिरणीतून शकुंतलाबाई ओरडल्या, "आशाबाई! ज्वारी सरली! दगडावर दगड घासायलेत, ठिणग्या निघायल्या!"

दगड असे रिकामे घासले की टाकी लावायला, नव्या खाचा पाडायला, माणूस बोलवावा लागतो, दोन दिवस गिरणी बंद राहते. मला ते ठाऊक होतं. शेळी माझ्या ओल्या लुगड्याला नाक लावून उभी होती.

"लाल बटण दाबा, बाई," मी बसल्या जागेवरून म्हटलं. "मी आत्ताच उठलेय. आता पुन्हा उठायची न्हाई."